तेलाचं बिल

शनिवारी सकाळी सहाला आमच्या फायर कंपनीच्या, म्हणजे स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या, आवारात बार्बेक्यूचा कोळसा पेटला. पेनसिल्व्हेनियातल्या या छोट्या गावाला पगारी अग्निशमन दल परवडत नाही. सायरन वाजला की सुतार, शिक्षक, ट्रकचालक हातातलं काम टाकून बंबाकडे धावतात. मी आग विझवत नाही. मी मूळची साताऱ्याची, पेशाने अकाउंटंट, इथे बिनपगारी खजिनदार.

त्या दिवशी १४ डॉलरला एक, अशी चिकन बार्बेक्यूची ३०० ताटं विकायची होती. आणि घरी टेबलावर राज्याच्या लेखापरीक्षकांचं पत्र पडलं होतं.

आमची खाती दोन. बिंगो, हॉलचं भाडं, देणग्या एका खात्यात. त्यातून डिझेल, वीज, हीटरचं तेल. दुसरं खातं रिलीफ असोसिएशनचं. परराज्यातल्या विमा कंपन्या इथे आगीच्या विम्याचे जे हप्ते घेतात, त्यांवर २ टक्के कर असतो. तो पैसा या खात्यात येतो आणि जवानांच्या मदतीसाठी आणि सुरक्षेसाठीच खर्चायचा असतो: कोट, हेल्मेट, श्वसनयंत्रं, प्रशिक्षण. मी येण्याआधीच्या एका हिवाळ्यात पहिलं खातं रिकामं झालं, तेव्हा तेलाचं बिल दुसऱ्यातून भरलं गेलं. कुणी एक सेंटही खिशात घातला नव्हता. तेल नसतं तर बंबातलं पाणी गोठलं असतं. तरी लेखापरीक्षकांच्या पत्राप्रमाणे ते १,८४० डॉलर परत भरायचे होते, आणि ते मला पटत होतं.

साडेअकराला सायरन झाला. चिमटे टेबलावर टाकून सगळे गेले. रांगेतल्या एक आजी काही न बोलता आत आल्या, एप्रन बांधला आणि कोंबड्या उलटू लागल्या. बंब दोनला परतला. गवताच्या कोठाराची आग होती. सर्वांत तरुण पोराने कोट खुर्चीवर टाकला, तेव्हा आतल्या लेबलवरचं साल वाचलं. कोट बारा वर्षांचा. दहा वर्षांनी तो वापरातून काढायचा असतो. त्या कोटात हा मुलगा आत्ता आगीसमोर उभा होता, या विचाराने माझे हात गार पडले.

तेरा ताटं जवानांसाठी झाकून ठेवली होती. बाकी २८७ विकली गेली. कोंबड्या, कोळसा, पाव यांचे १,७३० वजा जाता २,२८८ डॉलर राहिले.

रात्री रिलीफच्या नावाने १,८४० चा चेक लिहिला. पहिल्या खात्यात बार्बेक्यूचे ४४८ उरले. डिझेलचं बिल त्याहून मोठं आहे. मग त्या मुलाला फोन करून छातीचं आणि बाहीचं माप विचारलं.