लिंक आणा

लेक दहावीला. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सात वाजले की तिचं पोट दुखायचं, आठची एसटी निघून गेली की थांबायचं. "मले शाळेत नाई जाचं," एवढंच बोलायची. चार दिवस मी तिच्यावर ओरडले, त्याचं अजून वाईट वाटतं. पाचव्या दिवशी तिनं मोबाईल पुढे केला. इन्स्टाग्रामवर तिच्या नावाचं खोटं खातं, गणवेशातला तिचा फोटो आणि खाली वर्गातल्याच पोरांच्या घाण कमेंटी.

पोलीस ठाण्यात गेलो. "हे आमच्याकडे नाई होत, जिल्ह्याला सायबरला जा." वेचणीची मजुरी बुडवून गेलो. तिथल्या साहेबांनी स्क्रीनशॉट पाहिले आणि परत केले. "यात लिंक कुठाय? लिंक आणा." लेकीनं घाबरून ते खातं ब्लॉक केलेलं, तिच्या मोबाईलवर ते आम्हाला सापडेचना. मैत्रिणीला घरी बोलावलं, तिच्या मोबाईलवर खातं उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून लिंक कॉपी केली. पुन्हा गेलो, तर मधल्या दोन दिवसांत खातं बनवणाऱ्यानं खात्याचं नाव बदललेलं, लिंक मेलेली. परत नवी लिंक, परत एसटी. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला. लिंक लागते, ही एक गोष्ट पहिल्या दिवशी ठाण्यातच सांगितली असती तर माझी लेक आठ दिवस घरात तोंड लपवून बसली नसती. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात तो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, १ जुलै २०२४ पासून ते कायद्यात लिहिलंय. हे मला नंतर कळलं.

म्हणून आधी लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट, मगच ब्लॉक. इन्स्टाग्रामला तक्रारही त्यानंतरच करा, खातं उडालं की पुरावा जातो. आमचं दुसऱ्याच दिवशी उडालं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसाठी वेगळा भाग आहे, तिथे घरूनही तक्रार होते. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, मी त्यावर उगाच वेळ घालवला. मुलांसाठी १०९८ आहे.

रात्री तिला झोप लागेना, तेव्हा १४४१६ ला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. माझ्याशी न बोललेलं ती तिथे बोलली. वर्गशिक्षिकेनं पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंतच बसू दिलं.

काल एसटीच्या घाईत ती डबा विसरली. मी फाट्यापर्यंत धावत नेऊन दिला.