अस्तंबा यात्रा: शंभराच्या जुन्या नोटेला बट्टा देऊ नका

आधी मुद्दा सांगतो; यात्रेचं, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्यात अश्वत्थाम्याच्या अस्तंबा शिखरावर दिवाळीत पायी जातात त्याचं, नंतर. गांधीजींचं चित्र असलेली, मोठ्या आकाराची, निळसर शंभराची नोट चालते. मागे साल छापलेलं नसलं तरी चालते. तळोद्यापासून अस्तंब्यापर्यंत जो कोणी तुम्हाला "ही बंद झाली" म्हणेल, तो एकतर खोटं बोलतोय किंवा त्याला कुणीतरी खोटं सांगितलंय. मला हे पक्कं माहीत होतं, तरी डोंगरात मध्यरात्री एका नोटेमागे वीस रुपये कापून घेतले गेले. पाय अजून भरून आलेत आणि राग काही उतरलेला नाही. दिवाळीत जे कोणी जाणार असतील त्यांनी हे वाचूनच निघावं.

नोटा माझ्या मामींच्या. शहाद्याला त्यांच्या घरी कोठी साफ करताना एक पितळी डबा निघाला. त्यात शंभराच्या निळसर नोटांची गड्डी, ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाचाच्या नोटा, थोड्या दोनच्या, पाचशेच्या काही जुन्या आणि एक गुलाबी दोन हजाराची. डांबरगोळ्यांचा वास नोटांत इतका मुरलेला की खिशातून काढली की चार जण वळून बघायचे. मामी म्हणाल्या, "बापू, ह्याच नोटा लई जाय." म्हटलं, वाटखर्चाला होतील. पाचशेच्या आणि दोन हजाराची डब्यातच ठेवली, बाकीच्या घेतल्या.

नंदुरबार स्टेशनहून एसटीने तळोद्याला गेलो. कंडक्टरने निळी शंभराची नोट उजेडाला धरली, बॅगेत टाकली आणि सुट्टे परत दिले. तळोद्यात किराणा दुकानात तसंच, पेट्रोल पंपावरही तसंच. तिथवर कुणी हूं की चूं केलं नाही. पायी वाटेचा पहिला टप्पाही चांगला गेला. वाजंत्री, निशाणं, जयजयकार, सोबतीला गुजरात आणि मध्य प्रदेशातून आलेली मंडळी. त्यावर जास्त लिहीत नाही, चालणाऱ्याला ते आपोआप मिळतं.

खरी गोम पुढे आहे. शेवटच्या चढाच्या अलीकडे टपऱ्या विरळ होतात आणि मोबाईलची रेंज पार जाते. टपरीवर स्कॅनरचा कागद चिकटवलेला असतो, पण त्याचा उपयोग शून्य. म्हणजे तिथे रोख हाच एकमेव मार्ग, आणि हे ओळखूनच काही लोक तिथे बसलेले असतात. चहा आणि पाण्याच्या बाटल्यांसाठी मी शंभराची नोट दिली. टपरीवाल्याने बॅटरीच्या उजेडात ती उलटी केली, खालच्या मध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साल नही शे. हाई नोट चालाव नही, भाऊ." आणि लगेच शेजारी घोंगडी अंथरून बसलेल्या माणसाकडे मान वळवली. त्याच्यासमोर दहा-वीसच्या नोटांच्या थप्प्या. शंभराचे ऐंशी. माझ्यापुढे बडोद्याकडचे एक म्हातारे काका होते, त्यांच्या शंभराचे त्याने सत्तरच दिले. ते बिचारे अश्वत्थाम्याच्या जखमेला लावायचं तेल बाटलीत घेऊन आलेले, वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हते. मी घातला. पण मागे माणसांची रांग आणि पुढे रात्रीचा चढ, अशा ठिकाणी कायदा सांगून पाणी मिळत नाही. ऐंशी घेतले आणि पुढे निघालो.

आता त्या "साल नाही" प्रकरणाचं मूळ. 2005 च्या आधी छापलेल्या नोटांवर मागे छपाईचं साल नसायचं. जानेवारी 2014 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा नोटा हळूहळू काढून घेणार असल्याचं जाहीर केलं, कारण नव्या नोटांत सुरक्षेच्या खुणा जास्त होत्या. त्याच वेळी स्पष्ट सांगितलं होतं की या नोटा कायदेशीर चलन राहतील. लोकांनी पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं सोडलं. नंतर 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या आणि सगळ्याच जुन्या नोटांवर संशयाचं भूत बसलं. प्रत्यक्षात बंद झाल्या त्या तेव्हाच्या पाचशे-हजाराच्याच. शंभर, पन्नास, वीस, दहा, पाच, दोन, एक, जुन्या-नव्या सगळ्या चालतात. 2018 ची जांभळट, मागे राणी की वाव असलेली शंभराची नोट आली म्हणून निळी रद्द होत नाही.

दहाच्या नाण्याचंही तेच रडगाणं. वाटेत दोन टपऱ्यांनी नाकारलं, एकाने "रुपयाचं चिन्ह नाही, नकली आहे" असं सांगितलं. चिन्ह असलेलं आणि नसलेलं, दोन्ही खरी. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये चौदा वेगवेगळ्या घडणींची दहाची नाणी वैध असल्याचं जाहीर केलं होतं. पन्नास पैशाचं नाणंही अजून चलनात आहे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी मात्र 30 जून 2011 पासून गेली, ती नेऊ नका.

म्हणून तळोदा सोडायच्या आधी मोठ्या आणि जुन्या सगळ्या नोटा मोडून घ्या. पंप, किराणा, औषधाचं दुकान, कुठेही. खिशात दहाच्या चॉकलेटी आणि वीसच्या हिरवट पिवळ्या नव्या नोटा हव्यात, त्यांना कुणी नाव ठेवत नाही. नोटा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चढावर घामाने खिसा भिजतो आणि जुना कागद घडीवर फाटतो. माझ्या दोन नोटा तशाच फाटल्या. शेवटचा चढ भुसभुशीत मुरमाचा आहे, हात मोकळे लागतात, तिथे पाकीट काढायची वेळच येऊ देऊ नका. घोंगडीवाल्यांच्या वाटेला जाऊ नका. पाणी खालूनच भरून घ्या म्हणजे त्यांची गरजच उरत नाही. शिखर चार हजार फुटांच्या वर आहे. पहाटे वर पोचलो तेव्हा थकवा, राग, सगळं विसरायला झालं होतं आणि समोर कुणी देऊ केले असते तर शंभराचे पन्नासही घेतले असते. तेवढ्यासाठीच सांगतो, व्यवहार खाली उरकून या.

परत आल्यावर उरलेल्या नोटा घेऊन मामींसोबत त्यांचं खातं असलेल्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने आधी "बंद आहेत" असंच म्हटलं. बँकेतसुद्धा! मॅनेजरांना भेटलो, त्यांनी गड्डी बघितली आणि सगळ्या नोटा मामींच्या खात्यात भरून घेतल्या. इथे एक बारकावा आहे. 2005 च्या आधीच्या नोटा बदलून देण्याची सोय 1 जुलै 2016 पासून रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांतच आहे, महाराष्ट्रात मुंबई, नागपूर वगैरे. त्यामुळे शाखेत "बदलून द्या" म्हणू नका, "खात्यात भरा" म्हणा. भरणा स्लिपवर शंभराच्या रकान्यात नेहमीसारखी संख्या लिहायची, वेगळं काही नाही.

फाटलेल्या नोटा घेऊन कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत जाता येतं, खातं लागत नाही. वीसपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून जास्त भाग शाबूत असला की पूर्ण पैसे. पन्नास आणि वरच्या नोटेचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग हवा. चाळीस ते ऐंशीच्या मध्ये असेल तर अर्धे, त्याखाली काही नाही. माझ्या दोन्ही नोटांचे पूर्ण मिळाले.

राहिली दोन हजाराची. 19 मे 2023 ला ती चलनातून मागे घेतली, बँकांत घ्यायची मुदत 7 ऑक्टोबर 2023 ला संपली. नोट अजूनही कायदेशीर आहे, पण दुकानदार घेत नाही आणि बँकही नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या एकोणीस कार्यालयांत किंवा टपालाने जाते. मामींच्या शेजारच्या दादांनी भुसावळहून गाडी पकडून नागपूर गाठायचा सल्ला दिला. एका नोटेसाठी अजिबात जाऊ नका. पोस्टातून फॉर्म, ओळखपत्राची प्रत आणि खात्याचा तपशील जोडून विमा केलेल्या टपालाने पाठवता येते, पैसे थेट खात्यात जमा होतात. आम्ही तेच केलं.

जुन्या पाचशेच्या मात्र गेल्या. त्या कुठेही बदलत नाहीत, आणि 2017 च्या कायद्याने दहापेक्षा जास्त बाळगणं गुन्हा आहे. मामींकडे त्याहून कमी होत्या म्हणून डब्यातच राहू दिल्या. "अजून बदलून देतो" म्हणणारा एजंट भेटला तर तो ठग आहे, चर्चासुद्धा करू नका. ट्रॅक्टरची पाचाची नोट लाखांना विकली जाते म्हणून फोन करणारेही तसलेच. आधी नोंदणीचे पैसे मागतात, मग कमिशन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये याबद्दल सावध केलं होतं की आपण असं कमिशन घेत नाही आणि कुणाला घ्यायला सांगितलेलं नाही. मामींनाही असा फोन येऊन गेला होता. ट्रॅक्टरच्या उरलेल्या नोटा त्यांनी शहाद्याच्या बाजारात भाजीला दिल्या, भाजीवाल्या मावशींनी मोजून घेतल्या.