कऱ्हाड ते नृसिंहवाडी : कृष्णेच्या पाण्याची मोजणी पाहताना

जूनअखेरीस कृष्णेला पहिले तांबडे पाणी आले असताना कऱ्हाडपासून नृसिंहवाडीपर्यंत नदीकाठाने दोन दिवस हिंडलो. पावसाळ्यात आपण ज्या फुटांकडे आणि क्युसेककडे (सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते त्याकडे) डोळे लावून बसतो, ते आकडे कसे तयार होतात हे मला प्रत्यक्ष पाहायचे होते.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम पाहून थेट सांगली गाठावी. तेथील १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. हे आकडे सांगलीकरांना तोंडपाठ आहेत. मात्र ही नुसती उंची झाली. नदीतून किती पाणी वाहते आहे हे कळण्यासाठी पात्राचा छेद आणि पाण्याचा वेग दोन्ही मोजावे लागतात.

ती मोजणी एका केंद्रावर परवानगी घेऊन पाहिली. नाव पात्रात ठरावीक अंतरांवर थांबवायची, माशाच्या आकाराचे जड वजन लावलेला करंट मीटर, म्हणजे प्रवाहाचा वेग मोजणारे यंत्र, पृष्ठभागापासून पाण्याच्या खोलीच्या सहा दशांशावर सोडायचा आणि वाट्यांच्या चक्राचे फेरे घड्याळ लावून मोजायचे, असे हे काम काठापासून काठापर्यंत चालते. पाणी चढले की नाव घालता येत नाही. मग तरंगत्या वस्तूवरून पृष्ठभागाचा वेग काढून त्याला साधारण ०.८५ ने गुणतात. म्हणजे ५० मीटर अंतर ४० सेकंदांत कापले गेले, तर सरासरी वेग सेकंदाला सुमारे १.०६ मीटर. माझ्या मते खरी उणीव येथेच आहे. पातळीवरून विसर्ग, म्हणजे वाहत्या पाण्याचे प्रमाण, सांगणारा आलेख नेमका मोठ्या पुराच्या टोकाला प्रत्यक्ष मोजणीअभावी अंदाजाने पुढे ओढावा लागतो.

नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. दोन्ही नद्या एकदम फुगल्या की एकीचे पाणी दुसरीला अडवते आणि वर फुगवटा चढतो; अशा वेळी तीच पातळी कमी विसर्ग दाखवत असते. म्हणून पुलांवर पातळी मोजणारे रडार संवेदक बसवणे पुरेसे नाही, पुरात वेग मोजणारी साधने आणि माणसेही हवीत. एका पुलावरच्या संवेदकाचे सौर पॅनेल पक्ष्यांच्या विष्ठेने माखले होते आणि त्याचे संदेश काही दिवस बंद होते, परंतु तेथील मोजपट्टी वाचणाऱ्या माणसाच्या वहीत एकही नोंद चुकलेली नव्हती. देखभालीसाठी आणि या माणसाच्या पगारासाठी वेगळी, कायमची तरतूद असलीच पाहिजे, असे मला तेथे तीव्रतेने वाटले.

जाणाऱ्यांनी परवानगीचा अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा आणि सकाळी आठच्या नोंदीला हजर राहावे. दुर्बीण न्यावी, कारण मोजपट्टीजवळ उतरणे धोक्याचे असते. शेवाळलेल्या घाटावर तर मुळीच उतरू नये. नावेत बसायची संधी मिळाली तरी जीवरक्षक जाकिटाशिवाय पाऊल ठेवू नये. उन्हाळ्यात गेल्यास कोल्हापुरी बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, त्यामुळे अडलेल्या पाण्याची उंची ही प्रवाहाची खूण समजू नये. मोजपट्टीच्या प्रत्येक छायाचित्रासोबत वेळ लिहून ठेवावी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यासाठी, जेथे इशारा ३९ आणि धोका ४३ फुटांवर आहे, तिसरा दिवस राखून ठेवावा. मला तो मिळाला नाही.