धागा दोन वर्षं टिकेल, पण ओढ?

थ्रेड लिफ्ट म्हणजे त्वचेखाली विरघळणारे धागे घालून लोंबलेला गाल वर ओढणं. त्याच्या जाहिरातीत हल्ली एक तक्ता हमखास असतो, धागा ज्या पदार्थाचा आहे त्यानुसार. पीडीओ सहा ते आठ महिने, पीएलएलए दीड ते दोन वर्षं, पीसीएल दोन वर्षं आणि पुढे. दरही त्याच क्रमाने चढत जातात. वाचणाऱ्याचा सरळ समज होतो की जास्त पैसे मोजले की गाल जास्त दिवस वर राहणार. तक्त्यातले आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. फक्त ते धागा शरीरातून पूर्ण नाहीसा व्हायला किती वेळ लागतो त्याचे आहेत. ओढ किती टिकते हा वेगळा हिशेब आहे आणि तो तक्त्यात कुठेच नसतो.

पीडीओ, म्हणजे पॉलीडायॉक्सॅनोन, हे काही ब्यूटी इंडस्ट्रीने शोधलेलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून शस्त्रक्रियेतल्या विरघळणाऱ्या टाक्यांसाठी ते वापरात आहे, त्यामुळे त्याची माहिती भरपूर आहे. टाक्याचा धागा पूर्ण विरघळायला साधारण १८० ते २४० दिवस लागतात. पण ताकद? ३-० (शून्याआधीचा आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक) किंवा त्याहून जाड धाग्यात सहा आठवड्यांनी मूळ ताकदीच्या ६० टक्क्यांच्या आसपास उरते. ४-० आणि त्याहून बारीक धाग्यात जेमतेम ३५ टक्के. कारण साधं आहे. हे सगळे धागे पाण्यामुळे तुटतात, त्यासाठी वेगळं एन्झाइम लागत नाही. पाण्याचे रेणू पॉलिमरच्या लांब साखळ्या मधेच तोडतात. साखळी तुटली की ताकद जाते, वजन मात्र जागच्या जागी राहतं. सोनोग्राफीत धागा दिसतोय म्हणजे तो काम करतोय असं नव्हे.

त्यातही धागा तुटण्याच्या आधी पकड सुटते. गालातली चरबी मऊ असते आणि धाग्यावरचे काटे तिच्यातल्या तंतुमय पडद्यांना धरून राहतात. बोलणं, चावणं, हसणं, झोपेत कुशीवर वळणं, या प्रत्येक हालचालीत काटा थोडा थोडा ऊतक कापत पुढे सरकतो. पहिल्या आठवड्यात आरशात दिसणारा फरक ओढीइतकाच सुजेचाही असतो आणि सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते. मग उरते ती काट्यांची शिल्लक पकड आणि धाग्याभोवती तयार होणारी कोलॅजनची, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, बारीक नळी. या कोलॅजनमुळे त्वचा थोडी घट्ट आणि तुकतुकीत वाटू शकते, पण ते लोंबलेला गाल उचलून धरत नाही. बहुतेकांची ओढ वर्षाच्या आत बरीच उतरलेली असते, मग धागा तक्त्यातल्या कुठल्याही ओळीतला असो.

म्हणून साहित्य निवडताना ‘किती महिने’ हा प्रश्न माझ्या मते शेवटी यावा. आधी जाडी, काट्यांची घडण आणि कडकपणा बघायचा.

पीडीओमध्ये तीन प्रकार सर्रास मिळतात. मोनो म्हणजे २९ किंवा ३० गेजच्या (गेज जितका मोठा, तितकी सुई बारीक) सुईत भरलेला ५-० ते ७-० चा गुळगुळीत धागा. स्क्रू म्हणजे तोच धागा सुईभोवती वेटोळे घातलेला, आणि कॉग म्हणजे काटेरी. मोनो काहीही उचलत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. एका गालाला १० ते २० मोनो घालून त्याला ‘लिफ्ट’ म्हणणं ही निव्वळ फसवणूक आहे. डोळ्यांखालची चुरगळलेली पातळ त्वचा किंवा मानेवरच्या बारीक रेषा यांना त्याचा माफक उपयोग होतो, तेवढाच.

कॉगमध्ये खरी मेख आहे ती काटे कसे केलेत यात. कापीव कॉगमध्ये सरळ धाग्याला ब्लेडने तिरके छेद देऊन काटे उचललेले असतात. १ नंबरचा धागा साधारण ०.४ मिलिमीटर जाड. त्यात छेद गेला की त्या जागी गाभा बारीक होतो, आणि धागा तुटतो तो नेमका तिथेच. शिवाय काटा पातळ असल्याने ओढ बसली की उलटा दुमडतो. साच्यातल्या कॉगमध्ये पॉलिमर दाबून काटे आणि गाभा एकत्रच घडवतात. गाभा अखंड राहतो, काटा जाड असतो, पण अशा धाग्याला १८ किंवा १९ गेजची जाड कॅन्यूला, म्हणजे पोकळ नळी, लागते आणि आत जाताना सूज, काळंनिळं जास्त होतं. तरी जबड्याच्या कडेसाठी मी साच्यातलाच सुचवेन. भिंग आणि उजेड एवढ्यानेही दोन्हींतला फरक दिसतो. कापीव काट्याच्या मुळाशी धाग्यात खाच असते, साच्यातल्या काट्याचं मूळ भरीव असतं.

पीएलएलए, म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, कडक आणि ठिसूळ असतं. ओढ बसली की फारसं ताणलं जात नाही, एकदम तुटतं. म्हणूनच सिल्हूट सॉफ्टसारख्या धाग्यात काट्यांऐवजी बारीक शंकू ओवलेले असतात, गाठींच्या मधे अडकवून. ८, १२ किंवा १६ शंकू, निम्मे एका दिशेला आणि निम्मे उलट्या. मधे सुमारे २ सेंटिमीटर धागा मोकळा. एकाच छिद्रातून दोन्ही टोकांच्या सुया विरुद्ध दिशांना जातात आणि शंकूच्या पोकळीत ऊतक शिरून पकड बसते. पकड चांगली असते. कोलॅजन जागवण्याची पीएलएलएची क्षमताही खरी आहे, याच पदार्थाच्या इंजेक्शनला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली होती. पण हीच दुधारी तलवार आहे. उशिरा गाठी येण्याचा धोका इथे लक्षात ठेवावा लागतो, आणि शंकूंमध्ये ऊतक एकदा वाढलं की धागा सहज ओढून काढता येत नाही. पातळ त्वचेच्या, हाडकुळ्या चेहऱ्यावर कडक धागा बोटाला लागतो, कधी हसताना उठूनही दिसतो.

पीसीएल, म्हणजे पॉलीकॅप्रोलॅक्टोन, याच्या अगदी उलट. मऊ, लवचीक, चेहऱ्याच्या हालचालीबरोबर वाकणारं. रुग्णाला आत काही आहे असं जाणवत नाही. दोन वर्षं राहतं हेही खरं. अडचण अशी की सतत ताण दिला तर हा पदार्थ हळूहळू लांबतो. नुसत्या पीसीएलने उचलायचं म्हटलं तर धागा शाबूत राहील आणि गाल खाली आलेला असेल. म्हणून लॅक्टिक ॲसिड आणि कॅप्रोलॅक्टोन एकत्र करून बनवलेले पीएलसीएल धागे जास्त समंजस वाटतात. कडकपणा एकाकडून, लवचीकपणा दुसऱ्याकडून, आणि विरघळायला साधारण वर्ष ते दीड वर्ष. जिथे हालचाल खूप आहे, म्हणजे तोंडाच्या कडेजवळ, तिथे ते पीडीओपेक्षा बरे.

पीसीएलबद्दल एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते. ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि हायफूच्या, म्हणजे त्वचा घट्ट करण्यासाठी अल्ट्रासाउंडच्या लहरी एकवटून देण्याच्या, उपचारात त्वचेखालच्या ठिपक्यांवर ६० ते ७० अंश तापमान मुद्दाम निर्माण करतात. धागे घातल्यावर महिन्याभरात ‘कॉम्बो पॅकेज’ म्हणून हायफू करणं म्हणजे स्वतःच घातलेल्या धाग्यावर पाणी सोडणं. हायफू किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी करायची तर आधी करावी, सूज पूर्ण उतरू द्यावी, मग धागे. पीडीओ ११० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे तिथे ही भीती कमी. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की उरलेला पीडीओ धागा १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालून पुन्हा वापरता येत नाही. उघडलेलं पाकीट तिथेच संपवायचं किंवा फेकायचं. आतल्या फॉइलचं काम पाण्याची वाफ बाहेर ठेवणं हे आहे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात फाटकं, सैल सील असलेलं पाकीट नाकारायलाच हवं, मुदत शिल्लक असली तरी.

आता घालण्याबद्दल, कारण निम्मा निकाल तिथे लागतो. खुणा रुग्णाला बसवून करायच्या. आडवं झोपवलं की गाल कानाकडे सरकतात आणि लोंबतं तेच दिसेनासं होतं. कानपट्टीवर केसांच्या रेषेच्या थोडं आत छिद्राची जागा ठरवताना बोटाने धमनीचे ठोके बघायचे आणि ती टाळायची. छिद्राच्या जागी लिग्नोकेन आणि ॲड्रेनालिनचं १ ते २ मिलिलिटर द्रावण पुरतं, धाग्याच्या वाटेवर ते पातळ करून. मग १० मिनिटं थांबायचं. भूल सढळ हाताने दिली तर चेहरा फुगतो आणि कॅन्यूला कुठल्या थरात आहे ते हाताला कळत नाही. थर म्हणजे त्वचेखालची चरबी, स्नायूंवरच्या आवरणाच्या वर. कॅन्यूला पुढे जाताना त्वचा खळगा पडल्यासारखी आत ओढली गेली तर आपण फार वर आहोत. भूल असूनही रुग्ण कळवळला तर फार खाली. भुवईकडे जाणारी चेहऱ्याच्या नसेची फांदी कानपट्टीतून वरवरून जाते, तिथे धसमुसळेपणा चालत नाही. एका बाजूला ३ ते ५ कॉग साधारण पुरतात. शेवटी धाग्याचं टोक किंचित ताणून, त्वचा दाबून कापायचं, म्हणजे ते आपोआप आत जातं.

पुढचे तीन आठवडे तोंड मोठं उघडायचं नाही. म्हणजे पाणीपुरी नाही, वडापावचा मोठा घास नाही आणि दाताच्या डॉक्टरकडेही जायचं नाही. दातांचं काम आधी उरकून घ्यावं. फेशियल, चेहऱ्याचा मसाज बंद. आणि पुण्यासारख्या शहरात हे आवर्जून सांगायला हवं: फुल-फेस हेल्मेट चढवताना गाल जोरात घासत ओढले जातात. हेल्मेट सोडायचं असा याचा अर्थ नाही, तेवढे दिवस दुचाकी सोडायची. घरात लग्न असेल तर किमान दीड महिना आधी, आठवडाभर आधी नव्हे.

बिघडतं काय? सगळ्यात जास्त खळगे पडतात, काटा त्वचेच्या आतल्या थरात अडकल्यामुळे. बरेचसे एक-दोन आठवड्यांत सुटतात, नाहीतर डॉक्टर बोटाने काटा मोकळा करतात. घरी चोळायचं नाही. टोक त्वचेबाहेर आलं तर तेही घरच्या कात्रीने कापायचं नाही, संसर्गाला तेवढी वाट पुरते. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर छिद्राच्या जागी काळा डाग राहू शकतो, सनस्क्रीन त्यासाठी. दुखरी, लाल गाठ लगेच न येता काही आठवड्यांनी आली आणि नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नसेल, तर क्षयरोगाच्या जंतूंच्या नात्यातल्या मायकोबॅक्टेरियाची शंका घ्यायला हवी. तिथे गोळ्या बदलत बसण्यापेक्षा पू किंवा तुकडा कल्चरला पाठवायचा आणि धागा काढायचा.

ज्यांचे गाल खरोखर जड आहेत, मानेची कातडी सुटली आहे, त्यांना कुठलाच धागा पुरत नाही. तिथे प्लास्टिक सर्जनकडे जाणं स्वस्त पडतं. केलॉइड (जखमेचा व्रण फुगून वाढत जाणं) होण्याची प्रवृत्ती, रक्त पातळ करणारी औषधं, चेहऱ्यावर चालू असलेला संसर्ग, गरोदरपण किंवा पूर्वी भरलेलं सिलिकॉन असेल तर धागे नकोत.

पाकीट आपल्यासमोर उघडायला सांगायचं. बाहेरून आलेल्या धाग्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयात परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली हवी, नुसती कोरियन अक्षरं नव्हेत. बॅचचा स्टिकर केसपेपरवर चिकटवून घ्यायचा, फोटो आपल्याकडे ठेवायचा, आणि कुठल्या बाजूला किती धागे कोणत्या दिशेने घातले तेही लिहून घ्यायचं. पुढे दुसऱ्या कुणाला धागा काढायची वेळ आली, तर काटे कुठे तोंड करून आहेत हे कळल्याशिवाय तो ओढायचा कुठून हेच ठरत नाही.