बैठी उंची

गुरुवार, रात्री

पाय लांब करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्याकडे गेलो, त्या मिरजेच्या डॉक्टरांनी आज माझी उंची विचारलीच नाही. समोर बसल्याबरोबर मीच "एकशे साठ" असे सांगून टाकले, कारण गेली अकरा वर्षे हा आकडा माझ्या जिभेवर आहे. एकोणिसाव्या वर्षी पोलीस भरतीच्या मैदानावर १६५ सेंटिमीटरच्या खुणेखाली उभा राहिलो आणि पट्टी डोक्याला न टेकताच बाजूला झालो, त्या दिवसापासून मी स्वतःला याच एका संख्येने ओळखत आलो. डॉक्टरांनी ती कागदावर उतरवूनसुद्धा घेतली नाही. बैठी उंची, म्हणजे बसल्यावर आसनापासून डोक्यापर्यंतचे माप, किती, मांडीचे हाड किती, नडगी किती, दोन्ही हात पसरले तर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती, असे त्यांनी एकेक करून विचारले आणि मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

त्यांचे म्हणणे मला पटले, म्हणून ते आजच लिहून ठेवतो. ही शस्त्रक्रिया फक्त पाय लांब करते. धडाला तिच्यातून काहीच मिळत नाही, ते आहे तेवढेच राहते. म्हणून धड किती आहे हे ठाऊक नसताना पाय किती वाढवायचे हे ठरवणे म्हणजे अर्धाच हिशोब मांडणे होय. उभ्याने काढायचे पूर्ण पायांचे एक्सरे ते स्वतः काढणारच आहेत आणि हाडांची खरी लांबी त्यावरच ठरेल. परंतु त्याआधी घरी, दुसऱ्या कोणाकडून तरी मापे घेऊन या, म्हणजे पुढच्या वेळी आपण दोघे एकाच शरीराविषयी बोलू, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या कोणाकडून हा भाग मी टाळला. घरी आल्यावर खोलीचे दार लावून, खुर्चीवर बसून, भिंतीवर पेन्सिलीने खूण करून मी एकट्यानेच मापे घेतली. उंची १६० भरली आणि बैठी उंची ८३.८. बैठ्या उंचीला उभ्या उंचीने भागले की धडाचा वाटा कळतो. बहुतेक प्रौढ माणसांत तो पन्नास ते चोपन्न टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी येतो. माझा ५२.४ आला. मी अगदी मधला आहे, असे वाटून बरे वाटले.

रविवार, रात्री

गुरुवारचे सगळे आकडे चुकीचे होते.

आज सकाळी आण्णांना सांगितले. चाळीस वर्षे सांगलीत मारुती रोडवरच्या शिलाईच्या दुकानात माणसांची मापे घेणारे वडील घरात असताना मी दार लावून भिंतीवर रेघा मारत बसलो, याची मला आता लाज वाटते. सांगताना माझा आवाज स्थिर नव्हता. हाड कापतात, पाच ते सात दिवस थांबतात आणि मग दिवसाला एक मिलिमीटर, तेही पाव-पाव करून चार वेळा, अशा गतीने दोन टोके एकमेकांपासून दूर नेतात. मधल्या फटीत शरीर नवे हाड भरत जाते. सायबेरियातल्या कुर्गान गावी डॉक्टर इलिझारोव्ह यांनी १९५१ पासून ही पद्धत उभी केली. पाच सेंटिमीटर वाढवायचे तर पन्नास दिवस नुसते ताणण्यात जातात आणि ते हाड घट्ट व्हायला पुढे कित्येक महिने लागतात. हे सगळे मी एका दमात सांगितले. आण्णांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी एवढेच म्हणाले, "मापं कशावर बसून घेतलीस?"

खुर्चीवर, असे मी म्हणालो. तिच्यावर गादी आहे का, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

दुकानाला रविवारची सुटी असते. आम्ही दोघे सकाळी आठच्या सुमारास शटर अर्धे उघडून आत गेलो. काजे करायला बसतात ते लाकडी स्टूल आण्णांनी भिंतीला टेकवून ठेवले आणि आधी स्टुलाचेच माप घेतले, ४५.२ सेंटिमीटर. टेप त्यांनी नवा काढला. जुना टेप वापरून वापरून लांबतो आणि माप कमी दाखवतो, हे सांगताना त्यांनी दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी पसरले. दोन मीटरांत जुना जवळजवळ अर्धा सेंटिमीटर पुढे गेला होता. मग मला बसवले. माकडहाड भिंतीला, पाठ भिंतीला, मांड्या जमिनीला समांतर, हात मांडीवर मोकळे. डोके कसे हवे ते मी डॉक्टरांकडून ऐकून आलो होतो. कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. आण्णांनी हनुवटीखाली दोन बोटे लावून ती रेषा साधली. "आता श्वास घे आणि वर ओढून धर, खांदे नकोस उचलू," असे म्हणून त्यांनी कापडावर आखायची एल पट्टी भिंतीला चिकटवून माझ्या डोक्यावर अलगद दाबली, केस चेपले जाईपर्यंत. जमिनीपासून १३१.८. स्टुलाचे ४५.२ वजा केल्यावर उरले ८६.६.

उभ्याने माप आले १६१.२.

माझा विश्वास बसला नाही, म्हणून आण्णांनी पुन्हा घेतले. पुन्हा तेच आले. मग कापडाच्या तुकड्यावर खडूने आकडे मांडून आम्ही चूक शोधू लागलो, आणि मला वाटते आजच्या दिवसातला हाच भाग सर्वांत मोलाचा आहे. गुरुवारी उंचीतून बैठी उंची वजा केली असता पाय ७६.२ येत होते आणि आज ७४.६. तीन दिवसांत पाय दीड सेंटिमीटरने आखूड होत नाहीत. दिवसभर बसून-उभे राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस सेंटिमीटरभर, कधी थोडा अधिकही, खाली येतो. उंचीतला १.२ चा फरक त्यातून निघाला. परंतु बैठी उंची २.८ ने कमी भरली होती. उरलेले १.६ सेंटिमीटर खुर्चीच्या गादीत रुतले होते आणि माझ्या पोक काढून बसण्यात गेले होते. चूक धडाच्या मापात झाली, पण ती कागदावर पायांची लांबी होऊन उमटली. पाय किती वाढवायचे याचा निर्णय मी अशा आकड्यावर घेणार होतो.

खरा वाटा ५३.७ टक्के आहे. म्हणजे माझे धड लांब आणि पाय आखूड आहेत. पतसंस्थेच्या बैठकीत खुर्च्यांवर बसलेलो असताना मी कोणाहून कमी दिसत नाही आणि सगळे उठले की खाली राहतो, हे मला अनेक वर्षे जाणवत होते, पण त्याला कारण असू शकते असे कधी मनात आले नव्हते. पायांत पाच सेंटिमीटर पडले तर उंची १६६.२ होईल आणि धडाचा वाटा ५२.१ वर येईल, म्हणजे मी गुरुवारी समजत होतो तसा मधला. हेच जर माझा वाटा मुळात ५०.५ असता, तर तेवढ्याच पाच सेंटिमीटरांनी पाय धडापासून वेगळे लावल्यासारखे दिसले असते. सारख्याच उंचीच्या दोन माणसांना एकच शस्त्रक्रिया सारखी लागू पडत नाही, हे मला आज कापडाच्या तुकड्यावर दिसले.

हात पसरून घेतलेले माप १६३.५ भरले. हात आणि उंची साधारण बरोबरीची असतात, हे चरकसंहितेच्या विमानस्थान या भागातही आहे. तिथे शरीराची उंची ८४ अंगुळे सांगून आयाम (उंची) आणि विस्तार (पसरलेले हात) समान असावा असे म्हटले आहे, आणि अंगूळ ज्याचे त्याचे, स्वतःच्या बोटाचे. नडगी १८ अंगुळे, मांडी १८ अंगुळे, मधला गुडघा ४. (संस्कृतातली जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय, मराठीतली जांघ डोक्यात ठेवून वाचले की ही मापे जुळत नाहीत.) माझ्या उंचीला ८४ ने भागले तर १.९२ सेंटिमीटर येतात आणि टेपवर बोट ठेवून पाहिले तर रुंदी तेवढीच आहे. भरतीचे १६५ बाहेरून आलेले होते. हे ८४ माझ्या बोटाने मोजलेले आहेत. शस्त्रक्रियेनंतर ते साडेशहाऐंशी होतील, बोट मात्र तेवढेच राहील. हातसुद्धा १६३.५ च राहतील, म्हणजे आज ते उंचीपेक्षा २.३ ने अधिक आहेत, ते २.७ ने कमी होतील. हे मला चालेल का, याचा विचार मी अजून करतो आहे.

मांडी वाढवायची की नडगी, हा प्रश्न मापांनी अधिक अवघड केला. आण्णांनी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंत आणि तिथून घोट्यापर्यंत बोटांनी हाड चाचपत माप घेतले. मांडी सुमारे ४२ आणि नडगी सुमारे ३४ आली. कातडीवरून घेतलेल्या या मापांवर भरवसा ठेवायचा नाही हे मला माहीत आहे, तरी नडगी मांडीच्या चार पंचमांश असते हा सर्वसाधारण हिशोब त्यात दिसतो. मांडीत पाच घातले तर ४७ ला ३४, नडगीत घातले तर ४२ ला ३९. पहिल्या पर्यायात खुर्चीवर बसल्यावर गुडघे पुढे जातील आणि एसटीत पुढच्या आसनाला लागतील. दुसऱ्यात गुडघे वर येतील, आणि टाचेमागची शीर ताणली जाऊन उकिडवे बसणे कठीण होण्याचा धोका मोठा. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, पंगतीत वाढणाऱ्या घरात हा विचार दुय्यम नाही. मूळ हाडाच्या पाचव्या हिश्श्यापलीकडे गेले की गुंतागुंती वाढतात असे डॉक्टरांनी सांगितले होते. मांडीत पाच म्हणजे बारा टक्के, नडगीत जवळजवळ पंधरा. माझा कल मांडीकडे आहे.

मग कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत दोन्ही पाय मोजले. डावा सहा मिलिमीटरने कमी निघाला. मी दचकलो. आण्णा दचकले नाहीत. "पाव इंच," ते म्हणाले. "तुझ्या पँटीचा डावा पाय मी पहिल्यापासून पाव इंच कमी शिवतो." एवढा फरक अनेकांना असतो आणि त्याने काही बिघडत नाही, असेही त्यांनी सांगितले. परंतु मी तीस वर्षांचा आहे आणि हे मला आज कळले.

त्यानंतर ते पोटमाळ्यावर चढले आणि मापांच्या जुन्या वह्या घेऊन आले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती, तेव्हा दुकानातली दोन्ही यंत्रे आणि सगळे कापड पाण्यात गेले, पण या वह्या वर असल्यामुळे वाचल्या. प्रत्येक दिवाळीच्या पानावर माझे नाव आहे. पँटची उंची तेराव्या वर्षी साडेतेहेतीस इंच, पंधराव्या वर्षी साडेछत्तीस, अठराव्या वर्षी सदतीस. शर्टाची लांबी वाढतच गेली आहे, पण ती आवडीनिवडीवरही ठरते, म्हणून मी तिला पुरावा मानायला तयार नव्हतो. आण्णांनी शेजारच्या रकान्यावर बोट ठेवले. घरच्या माणसांची पाठ, मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत, ते नेहमी वेगळी लिहीत आले आहेत. पंधराव्या वर्षी पंधरा इंच, अठराव्या वर्षी सतरा. वयात येताना पायांची वाढ आधी थांबते आणि धड त्यानंतरही काही काळ वाढत राहते, हे मी डॉक्टरांकडून ऐकले होते. माझे पाय ज्या वर्षी थांबले ते वर्ष आण्णांच्या अक्षरात माझ्यासमोर होते. भरतीच्या मैदानावर उभा राहिलो तेव्हा ते थांबून बराच काळ झाला होता आणि त्या वर्षी मी झाडाला लोंबकळणे, दोरीच्या उड्या असे जे जे केले, त्यातल्या कशानेही फरक पडणार नव्हता.

वह्या चाळताना मी विचारले की धड लांब आहे हे तुम्हाला माहीत होते तर कधी बोलला का नाहीत. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शर्ट एक इंच आखूड ठेवला आणि कंबर जरा वर घेतली की पाय लांब दिसतात. तेवढं माझ्या हातात होतं, तेवढं मी करत आलो."

सोमवार, रात्री

संध्याकाळी पुन्हा मापे घेतली. उभ्याने १६०.१, बैठी ८५.५, पाय ७४.६. पायांचा आकडा सकाळ-संध्याकाळ हलला नाही, तेव्हा पद्धत बरोबर बसली असे मी मानतो. येत्या गुरुवारी कागद घेऊन मिरजेला जाणार आहे. होय किंवा नाही हे मी अजून ठरवलेले नाही आणि एक्सरे होईपर्यंत ठरवणार नाही.

माझी एक राखाडी पँट गेल्या आठवड्यापासून दुकानात अर्धवट शिवून पडली होती. ती आज आण्णांनी पूर्ण करून घरी आणली. इस्त्री करायला उलटी केली तेव्हा तळाशी कापड जाड लागले. नेहमी ते आत दीड इंचाची दुमड ठेवतात. आज दोन्ही पायांत साडेतीन इंच कापड आत दुमडलेले आहे, कच्च्या दोऱ्याने, सहज उसवता येईल असे. डावा पाय उजव्याहून पाव इंच कमी आहे.