थ्री ट्रॅक, पण उघडते किती?

"मॅडम, खिडक्यांचं पान पाठवलंय, फक्त सही हवीय," असा बिल्डरच्या ऑफिसातून सकाळीच फोन आला. बालेवाडीच्या बाजूला त्यांच्या दोन इमारतींचं काम चालू होतं. ए विंगचे स्लॅब पडून गेलेले, बी विंग अजून पायातच. प्रकल्प ग्रीन रेटिंगसाठी, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतीच्या मानांकनासाठी नोंदवलेला होता आणि त्या फायलीत आम्ही इको निवास संहितेचा हिशोबही जोडत होतो.

ही राहत्या घरांसाठीची ऊर्जाबचतीची नियमावली. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने ती २०१८ च्या डिसेंबरात आणली. भिंती, छत आणि काचेतून घरात किती ऊन शिरावं याला ती मर्यादा घालते. त्यासोबत ती घरासाठी पुरेसा उजेड आणि पुरेसा वारा मागते. वाऱ्याचा निकष वाचायला अगदी साधा आहे: खिडक्या-दारांचं खरोखर उघडणारं क्षेत्रफळ भागिले कार्पेट एरिया. उष्ण-दमट हवामानात हे प्रमाण किमान १६.६६ टक्के हवं, समशीतोष्णमध्ये १२.५ चालतं, उष्ण-कोरड्यामध्ये १०. माझ्या मते घरात राहणाऱ्याच्या दृष्टीने अख्ख्या संहितेत याहून जवळचा निकष नाही. वीजबिल महिन्याने येतं, कोंदट बेडरूम रोज रात्री भोगावी लागते.

पाठवलेल्या पानावर उत्तर १७.४५ टक्के होतं. म्हणजे पास. टू बीएचके, कार्पेट ६० चौरस मीटर, ए विंगमधले जवळजवळ सगळे फ्लॅट याच आराखड्याचे. हॉलचं बाल्कनीकडचं सरकतं दार ५.०४ चौरस मीटर, दोन बेडरूमच्या खिडक्या मिळून ५.४, स्वयंपाकघराची १.४४. या सगळ्यांना ६७ टक्के उघडतात असं धरलं होतं. ड्राय बाल्कनीचं दार आणि बाथरूमच्या काचपट्ट्या ९० टक्क्यांनी. आकडेमोड बिनचूक होती. संहितेतच तसं कोष्टक आहे: बिजागरीची खिडकी ९० टक्के, दोन पल्ल्यांची सरकती ५०, तीन पल्ल्यांची ६७.

मी अडखळले ती त्या ६७ वर. पुण्यात इतक्या इमारती बघितल्या, पण तीन काचांची सरकती खिडकी टू बीएचकेच्या बेडरूमला फारशी कुठे बघितली नव्हती. सही न करता साईटवर गेले.

सॅम्पल फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. खिडक्या बसवणारे फॅब्रिकेटर काका तिथेच रबर भरत होते. त्यांना म्हटलं, "काका, ही पूर्ण उघडून दाखवा." त्यांनी एक काच सरकवून दुसऱ्या काचेमागे नेली. तिसऱ्या ट्रॅकवर काच नव्हतीच, डासांची जाळी होती. १.८० मीटरच्या चौकटीला टेप लावला, तर मोकळी फट ८२ सेंटीमीटर भरली. अर्ध्याहूनही थोडी कमी, कारण मधल्या पट्ट्या जागा खातात. "थ्री ट्रॅक म्हणजे दोन काच एक जाळी, मॅडम. सगळीकडे हेच असतं," काका म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. आर्किटेक्टच्या ऑफिसातल्या मुलीने ड्रॉइंगवर थ्री ट्रॅक वाचलं आणि कोष्टकात तीनसमोरचा आकडा उचलला. तिचंही नवल नाही. ड्रॉइंगवर काचा किती आणि जाळ्या किती हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून हिशोब पुन्हा मांडला. सरकत्या सगळ्या ५० टक्क्यांनी. एकूण उघडणारं क्षेत्र ८.४५ चौरस मीटर, म्हणजे १४.०८ टक्के. उष्ण-दमटच्या १६.६६ टक्क्यांसाठी लागतात जवळपास १० चौरस मीटर. नापास.

दुपारी साईट ऑफिसात सगळे बसलो. बिल्डर साहेब, आर्किटेक्ट, साईट इंजिनिअर, मी, आणि मी आग्रह धरला म्हणून फॅब्रिकेटर काका. साहेबांची काळजी मला कळत होती. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत रेटिंगच्या पायरीप्रमाणे मूळ एफएसआयवर (प्लॉटच्या प्रमाणात जेवढं बांधता येतं त्यावर) ३, ५ किंवा ७ टक्के जास्तीचा एफएसआय मिळतो, आणि ठरवलेलं रेटिंग आलं नाही तर दंड आहे. त्यामुळे फायलीतलं कुठलंही पान अडलं की साहेबांच्या कपाळावर आठ्या.

आर्किटेक्टने आधी मुद्दा काढला तो हवामानाचा. "पुणं दमट कुठंय? आम्ही कॉलेजात समशीतोष्ण म्हणून शिकलो. साडेबारा लावा, चौदा टक्क्यांत पास होतं." साहेबांनीही मान डोलावली. मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा पुण्याच्या कोरड्या हवेचं कौतुक करतो, त्यामुळे हा मुद्दा कुणालाही पटेल असाच आहे.

पण संहितेच्या परिशिष्टात शहरांची यादी दिलेली आहे. बंगळुरूपुढे समशीतोष्ण, सोलापूरपुढे उष्ण-कोरडं आणि पुण्यापुढे उष्ण-दमट. आपल्याला हवा कशी वाटते त्यावरून रकाना निवडता येत नाही. मी हेही म्हटलं, की यादी बाजूला ठेवा आणि जुलैतलं घर आठवा. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, भिंतीला ओल, पंखा फुल आणि तरी अंग चिकट. अशा हवेत शरीराला आराम मिळतो तो अंगावरून वारा गेला तरच, कारण त्यानेच घाम वाळतो. आणि एप्रिलमधला कोरडा पुणेकर तरी काय करतो? दुपारभर खिडक्या बंद ठेवतो आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की सताड उघडतो. दोन्ही ऋतूंत त्याला उघडणारी खिडकीच लागते.

आर्किटेक्ट थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मग खिडक्या मोठ्या करू." साईट इंजिनिअरने लगेच हात वर केला. इमारत मायवान शटरिंगची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेली. भिंती विटांच्या नाहीत, सगळं एकसंध काँक्रीट. ए विंगमध्ये ओपनिंग वाढवायचं म्हणजे सळ्यांसकट भिंत कापायची. शिवाय काच वाढली की ऊनही वाढतं. बाहेरून भिंती-काचांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा संहितेने चौरस मीटरला १५ वॅट ठेवली आहे, आणि काँक्रीटच्या भिंतींमुळे आम्ही आधीच तिच्या काठावर होतो. वाऱ्यासाठी तिकडे नापास होण्यात अर्थ नव्हता.

म्हणजे चौकट तीच ठेवून पल्ले बदलायचे. बिजागरीच्या खिडकीची काच तेवढीच, उष्णता तेवढीच, उघडणारं क्षेत्र मात्र ५० वरून ९० टक्के. साहेबांनी विचारलं, "एकाच बेडरूमची बदलली तर?" ९.५३ चौरस मीटर होतं, १५.९ टक्के. पुरत नाही. दोन्ही बेडरूमच्या बदलल्या तर १०.६१, म्हणजे १७.६८. हॉल आणि स्वयंपाकघराला हातही लावायला नको.

खरी चर्चा त्यानंतर झाली आणि ती काकांनी केली. बाहेर उघडणारे पल्ले लावले तर लोक राहायला आल्यावर वर्षभरात ग्रिल बसवतात, पल्ला ग्रिलवर आपटतो आणि खिडकी कायमची अर्धवट उघडी राहते. म्हणून पल्ले आत उघडायला हवेत. आमच्या जुन्या वाड्यांतल्या खिडक्या अशाच होत्या: बाहेरच्या बाजूला गज, पल्ले आत, उघडले की पूर्ण मोकळ्या. पण आत उघडणाऱ्या पल्ल्याला पावसाचं पाणी येतं. काकांनी कागदावर खालच्या पट्टीचा छेद काढून दाखवला: दुहेरी रबर, बाहेरच्या बाजूला उतार आणि पाणी निघायला भोकं. वरच्या मजल्यांवर वाऱ्याने पल्ला आदळू नये म्हणून घर्षणाची बिजागरी. जाळी घडीची, एका बाजूला गोळा होणारी. साहेबांनी दर विचारला, काकांनी सांगितला, साहेबांनी घासाघीस केली. संध्याकाळपर्यंत एका बेडरूमला नमुना बसवून बघायचं ठरलं.

मी दोन गोष्टी लिहून घेतल्या. खिडक्यांच्या तक्त्यात ट्रॅकऐवजी काचेचे पल्ले किती, जाळी किती आणि उघडतं किती असे वेगळे रकाने. आणि फ्लॅटच्या ताब्यासोबत द्यायच्या पुस्तिकेत ग्रिल कुठे आणि किती अंतरावर बसवायचं याचं चित्र.

निघताना साईट इंजिनिअर जिन्यापर्यंत आला. बी विंगच्या शटरिंगची ऑर्डर पुढच्या आठवड्यात जाणार होती. "मॅडम, त्याआधी तुमचं गणित मिळालं तर खिडक्यांची मापं तिथेच बदलता येतील." त्याच्याकडून बी विंगची ड्रॉइंग्ज पेनड्राइव्हवर घेतली. तिथे पश्चिमेकडच्या फ्लॅटमध्ये एका बेडरूमची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत उघडते, तिचं काय करायचं ते आधी बघायला हवं.