अष्टमीचं ठाणे : मुंब्र्याचा डोंगर ते नौपाड्याची घागर

नवरात्रात बायकांच्या डब्यात शिरलं की आधी डोळ्यांत भरतो तो रंग. अष्टमीला सकाळी ठाण्याहून कळवा-मुंब्र्याकडे जाणारी स्लो लोकल पकडली, तर अख्खा डबा एकाच रंगात न्हालेला. बँकेतल्या बाई, धुणंभांड्याला निघालेल्या मावश्या, कॉलेजच्या मुली, सगळ्यांच्या अंगावर तोच रंग. हे नऊ रंग कुठल्या पोथीत नाहीत, यावरून दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणं होतात. नसेनात का! एरवी साडीच्या पोतावरून माणूस जोखणारा हा डबा नऊ दिवस तरी गोंधळून जातो, हे मला पुरेसं आहे.

गाडी कळवा सोडते, मग उजव्या हाताला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या अंगावर मुंब्रादेवीचं देऊळ. रोज लाखो लोक गाडीतूनच हात जोडतात. वर जाणारे त्या मानाने थोडे, नवरात्रात मात्र पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मुंब्रा आज मोठ्या मुस्लिम वस्तीचं शहर, आणि नाव मात्र या देवीवरून आलेलं. तिच्या पायथ्याशी पाण्याच्या बाटल्यांपासून पावसाळी चपलांपर्यंत सगळा बाजार भरलेला असतो, आणि तो कोण कुणाला विकतोय याची चौकशी कुणी करत नाही.

पायऱ्या चांगल्याच खड्या आहेत. ऑक्टोबरचं ऊन आठ वाजल्यापासूनच चटका देतं. माझ्या पुढे दिवा गावाहून आलेल्या एक आगरी आजी होत्या. अनवाणी, कासोट्याचं लुगडं, हातातल्या पिशवीत खण-नारळ. मी घाईघाईत त्यांना ओलांडायला गेले तर म्हणाल्या, “हलू चल गो, आई काय पलून जात नाय.” मग मी त्यांच्याच चालीने चढले. मधल्या एका वळणावर आम्ही टेकलो. खाली रुळांची जाळी, त्यापलीकडे खाडी, आणि इमारतींची दाटी. “काय मागणार देवीकडे?” मी विचारलं. आजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला! “पोरांचं,” एवढंच बोलल्या. दोन पोरं त्यांना विचारत नाहीत, हे त्यांनी उठता उठता सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही.

हे ऐकलं आणि मला दुर्गासप्तशती आठवली. सप्तशती म्हटलं की महिषासुर डोळ्यांसमोर येतो. पण मार्कंडेय पुराणातल्या या तेरा अध्यायांची सुरुवात राक्षसापासून होत नाही, घर सुटलेल्या दोन माणसांपासून होते. राजा सुरथाचं राज्य शत्रूंनी आणि त्याच्याच अमात्यांनी गिळलेलं. शिकारीचं निमित्त करून तो एकटाच घोड्यावर बसून रानात निघालेला. तिथे त्याला समाधी नावाचा वाणी भेटतो, त्याला पैशांपायी बायको-मुलांनी घराबाहेर काढलेलं. राजाला घोर आपल्या हत्तीचा आणि खजिन्याचा. वाण्याला घोर वेगळाच: ज्यांनी हाकललं ती पोरं सुखात असतील ना? दोघांनाही कळतंय की हे वेडेपण आहे, आणि तरी मन तिथून हलत नाही. ते मेधा ऋषींना विचारतात, कळतं तरी वळत का नाही?

ऋषींचं उत्तर मला फार आवडतं. ते पक्ष्यांकडे बोट दाखवतात. पक्षी स्वतः भुकेने व्याकूळ असतो, तरी चोचीतला दाणा पिलाच्या चोचीत घालतो. मग म्हणतात, ज्ञानी माणसांचीही मनं महामाया बळाने ओढून मोहात टाकते, आणि तीच प्रसन्न झाली की सोडवते.

इथेच नवरात्राचा नेहमीचा ‘आध्यात्मिक अर्थ’ मला तोकडा वाटतो. महिषासुर म्हणजे आपल्यातले दुर्गुण, देवी म्हणजे सद्गुण, नऊ दिवसांत दुर्गुण मारा, झालं! भाषणाला हे छान आहे. पण पाचव्या अध्यायात देव जिची स्तुती करतात, ती सर्व भूतांमध्ये बुद्धी, शांती, दया या रूपांनी आहे, तशीच ती भूक आहे, झोप आहे, तहान आहे आणि भ्रांतीही आहे. म्हणजे ज्याने आपण भुलतो तेही तिचंच रूप. ते मारणार कोण आणि कशाने? दहाव्या अध्यायात शुंभ हा असुर देवीला टोमणा मारतो, दुसऱ्यांच्या जिवावर लढतेस. तेव्हा ती म्हणते, या जगात मी एकटीच आहे, दुसरी आहेच कोण? आणि बाकीच्या सगळ्या देवी तिच्यात विरून जातात.

आपल्या संत एकनाथांनी हे बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या जोगव्यातली भवानी ‘मोह महिषासुर’ मारायला प्रगटते, म्हणजे मारण्याचं काम तिचं. आपण काय करायचं? ‘पूर्ण बोधाची घेईन परडी’. परडी घ्यायची आणि मागायचं. तलवार नाहीच हातात.

देवळात गर्दीमुळे दर्शन क्षणभरच झालं. आजींची ओटी मात्र नीट भरली गेली, पुढच्या बाईने मागे सरून त्यांना जागा करून दिली.

दुपारी ठाण्याला परतून टेंभी नाक्याच्या देवीला गेले. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला हा उत्सव आता ठाण्याची ओळखच झालाय. मूर्ती कळव्याहून मिरवणुकीने येते आणि भव्य मंडपात बसते. रांग, पोलीस, ढोल, फोटो. देखावा बघण्यासारखा असतो, त्याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. एक गोष्ट मात्र रांगेत उभं असताना मनात आली. सप्तशतीच्या शेवटी सुरथ आणि समाधी नदीकाठी मातीचीच मूर्ती घडवून तीन वर्षं पूजा करतात. म्हणजे मातीची देवी करणं हे काही मंडळांनी काढलेलं खूळ नव्हे.

जांभळी नाक्यावरून झेंडू घेऊन नौपाड्यात मावशीकडे गेले. तिच्याकडे घट बसतात. परडीत काळी माती, सात धान्यं, मधे घट, वर विड्याची पानं आणि नारळ, बाजूला समई अखंड तेवत. घरातलं कुणी ना कुणी समईपाशी हवंच, म्हणून मावशी या दिवसांत रात्री मुक्कामाला कुठेच जात नाही. आठव्या दिवशीची रोपं वीतभर झाली होती. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात वाढल्याने फिकी पिवळी, आणि सगळीच्या सगळी खिडकीच्या बाजूला कललेली. मावशीने वातीची काजळी झटकली, माळ बदलली आणि म्हणाली, “दसऱ्याला उपटून टोपीत आणि वेणीत माळायची. आठ दिवस पाणी घालून घालून वाढवायची आणि मग उपटायची, दरवर्षी जीवावर येतं बघ.”

संध्याकाळी तिने मला घागरी फुंकायला नेलं. अष्टमीची महालक्ष्मी. तांदळाच्या उकडीचा मुखवटा, काजळाने रेखलेले डोळे, नाकात नथ, भरजरी साडी नेसवून उभी केलेली. मुखवटा सकाळी बसून बायकांनीच केलेला, उकड गार होऊन चिरू नये म्हणून पाण्याचा हात फिरवत. रिकामी घागर आधी उदाच्या धुरावर धरतात, धूर आत भरला की तोंडाशी धरून फुंकतात आणि तालावर नाचतात. मीही फुंकली. पहिल्यांदा नुसता वारा. मग ओठांचा कोन जमला आणि घागर घुमली, तो आवाज कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. वेदान्तात घटाकाशाचा दाखला देतात, घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच. पुस्तकात तो मला नेहमी कोरडा वाटला होता. माझाच श्वास पितळेत शिरून हॉलभर होत होता तेव्हा तसा वाटला नाही.

थोड्या वेळाने एका बाईंच्या अंगात आलं. खरं की खोटं, हे ज्याचं त्याने ठरवावं, मी त्या वादात पडत नाही. रांग लागली. पहिल्या काकूंनी हळद-कुंकू लावून विचारलं, “मुलगा दोन वर्षं बोलत नाही, पण तिकडे बरा आहे ना?” आपल्याशी कधी बोलेल, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्या मागच्या काकांचा प्रश्न असा : “बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट अडकलंय आई, ताबा कधी मिळणार?”

मी मावशीच्या कानात सुरथ आणि समाधीची गोष्ट थोडक्यात सांगितली. पुराणात सुरथ राज्य मागतो, समाधी ‘मी आणि माझं’ सुटावं म्हणून ज्ञान मागतो, आणि देवी दोघांनाही देते. एकालाही नाही म्हणत नाही.

“मग ताबा मिळेल म्हण की,” मावशी म्हणाली. “आणि तू काय विचारायचं ते लवकर ठरव. दहाला हॉल रिकामा करायचाय.”